बेळगाव भागात कीटकभक्षी झाडं कशी मिळवावीत आणि कशी जगवावीत

कीटकभक्षी झाड आणण्याआधी दोन वस्तू घरात हव्यात: पाण्यात विरघळलेला क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणि घट्ट झाकणाचं २०० लिटरचं पिंप. मीटर काही शे रुपयांना मिळतो. आपल्याकडे ही झाडं उन्हानं किंवा किडीनं कमी मरतात, बोअरच्या पाण्यानं जास्त मरतात. पाणथळ पण निकस जमिनीत वाढलेली ही जात. मातीत नत्र मिळत नाही म्हणून ती किडे धरते, आणि तिच्या मुळांना साचलेला क्षार अजिबात सोसत नाही. गुलाबाला चालतं ते पाणी घटपर्णीला (पानाच्या टोकाच्या घटात किडे धरणाऱ्या झाडाला) दोन-तीन महिन्यांत संपवतं. आधी पानांच्या कडा तपकिरी होतात, मग नवी पानं आखूड येतात आणि शेवटी मधला कोंब काळा पडतो. तोवर कुंडीतला क्षार धुऊन काढायची वेळही गेलेली असते.

पाण्याचा हिशेब

मीटरवर ५० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम क्षार) आत असलेलं पाणी बिनधास्त वापरा. १०० पर्यंतचं पाणी चालतं, पण मग दर पंधरा दिवसांनी कुंडीवरून भरपूर पाणी ओतून ते खालून वाहू द्यावं लागतं. त्यावरचं पाणी या झाडांना नको. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या काळ्या रानातल्या बोअरला आकडा अनेकदा हजाराच्या आसपास जातो. नळाचं पाणी वेगळं असतं आणि ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळं मोजा. उकळून क्षार जात नाही, उलट पाणी आटल्यानं तो घट्ट होतो. रात्रभर उघडं ठेवल्यानं क्लोरीन उडतं, क्षार तिथंच राहतो. सॉफ्टनरच्या पाण्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं, ते तर अजिबात नको.

सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी, आणि ते आपल्याला भरपूर मिळतं. १०० चौरस फूट पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९ लिटर पाणी येतं. गळती धरूनही २५ मिलिमीटर पावसात २०० लिटरचं पिंप भरतं, आणि आषाढात बेळगावात असा पाऊस एक-दोन दिवसांत होतो. वळवाचं आणि मृगाच्या पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या. त्यात पत्र्यावरची धूळ, पाखरांची विष्ठा आणि पन्हळीतला कचरा असतो. आर्द्रा लागल्यावर पन्हळीच्या तोंडाला दुहेरी सुती कापड बांधून पिंप भरा. पिंप गडद रंगाचं आणि सावलीत हवं, नाहीतर शेवाळ धरतं. झाकणाखाली मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात. सिमेंटच्या टाकीत पाणी साठवू नका, चुना उतरून टीडीएस वाढतो. नव्या टाकीत तर फारच.

किती साठवायचं? दोन फूट बाय एक फूट ट्रेमध्ये पाच-सहा कुंड्या असतील, तर एप्रिलच्या वाऱ्यात रोज दीड ते दोन लिटर पाणी उडतं. होळीपासून पावसाळ्यापर्यंत शंभर दिवस धरले, तर त्या एका ट्रेला एक पिंप लागतं. एवढं साठवता येत नसेल तर झाडं कमी ठेवा.

पिंप संपलं तर घरच्या आरओचं पाणी चालतं, पण आधी मोजून घ्या. बऱ्याच मशिनांत चवीसाठी खनिजं मिसळणारं काडतूस किंवा कच्चं पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे नळीतून ८० ते १५० पीपीएमचं पाणी येतं. मेकॅनिककडून मेंब्रेनच्या (क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या) लगेच पुढं एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडून घेतला की तिथं स्वच्छ पाणी मिळतं. आरओचं सोडून दिलेलं पाणी मात्र बोअरपेक्षा खारट असतं, त्याचा एक थेंबही नको. एसीचं ठिबकणारं पाणीही चालतं. फक्त सर्व्हिसिंगनंतरचे चार दिवस ते सोडून द्या, कॉइल धुण्याचं रसायन त्यात उतरतं.

कोणत्या गावाला कोणतं झाड

सीमाभाग म्हटला तरी हवा एकसारखी नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. एप्रिलमध्ये पारा ३५-३६ पर्यंत चढतो, पण रात्र बरीच उतरते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी म्हणजे घाटमाथा, तिथं पावसाळ्यात सूर्य दिसत नाही. अथणी, रायबाग आणि तिकडं बिदर-भालकी भागात उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत. कारवार किनारा दमट, रात्रीही उकाडा.

घटपर्णींमध्ये व्हेंट्राटा नावाचा संकर सुरुवातीला घ्यावा, कुठल्याही गावाला. बेळगाव, खानापूर आणि निपाणीला व्हेंट्रिकोसा, सँग्विनिया, मॅक्सिमा आणि त्यांचे संकर उत्तम येतात, कारण त्यांना मध्यम उंचीची हवा आणि थोडी थंड रात्र मानवते. कारवारला ॲम्प्युलारिया, मिराबिलिस, राफ्लेसियाना लावा. ही सखल प्रदेशातली झाडं बेळगावच्या डिसेंबरात नुसती बसून राहतात. राजा, हमाटा, व्हिलोसा या उंच डोंगरातल्या जातींच्या फोटोंना भुलू नका. त्यांना बारा महिने गार रात्री लागतात, आणि त्या आपल्याकडे एसीच्या खोलीशिवाय मिळत नाहीत.

दवबिंदूंमध्ये (ड्रॉसेरा, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारी झाडं) बर्मानी आणि इंडिका या जाती आपल्या हवेतल्याच आहेत. बर्मानीचे कडेचे लांब केस काही सेकंदांत वाकतात, मुलांना दाखवायला याहून चांगलं झाड नाही. स्पॅट्युलाटा सोपा. ॲडेले हे सावलीतलं झाड, गॅलरीत ठेवायला छान. केपेन्सिस दक्षिण आफ्रिकेतला. बेळगावात टिकतो, अथणीच्या उन्हात वरून करपतो, पण कुंडी ओली ठेवली तर मुळातून पुन्हा फुटतो. सीतेच्या आसवांच्या कुळातली युट्रिक्युलारिया सँडरसोनी आणि लिव्हिडा ओल्या कुंडीत गवतासारख्या पसरतात आणि भरभरून फुलतात. त्यांचे सापळे मातीखाली, टाचणीच्या टोकाएवढे असतात.

किड्यावर मिटणाऱ्या सापळ्यांचा व्हीनस फ्लायट्रॅप सगळ्यांनाच हवा असतो, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात अवघड. तो अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनातला. त्याला हिवाळ्यात दोन-अडीच महिने झोप लागते, आणि बेळगावचं १४ अंशांचं किमान तापमान त्या झोपेला पुरत नाही. झोप न मिळालेलं झाड पहिल्या वर्षी ठीक दिसतं, दुसऱ्या वर्षी बारीक होतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुधा जातं. उपाय पुढं हिवाळ्याच्या भागात दिला आहे. पहिलंच झाड म्हणून मात्र हे घेऊ नका.

झाड कुठून आणायचं, कुठून नाही

सप्टेंबरात जांबोटी, चोर्ला, आंबोलीच्या जांभ्या सड्यांवर (उघड्या खडकाळ पठारांवर) दवबिंदू आणि सीतेची आसवं पायाखाली येतील इतकी असतात. ती उपटू नका. भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यातून रोप काढणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ते झाड घरी जगत नाही. इंडिका वर्षायू आहे. पावसाळ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि सडा वाळला की मरायचं, एवढंच त्याचं आयुष्य. आणलेलं रोप दिवाळीपर्यंत वाळतं आणि सड्यावर पडायला हवं होतं ते बी तुमच्या गच्चीवर वाया जातं. सड्यावर पालथं पडून भिंगातून बघा, फोटो काढा, आणि पाऊल दगडावर ठेवा.

मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव घटपर्णी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या संरक्षित वनस्पतींच्या यादीत ती आहे, परवान्याशिवाय तिची लागवड आणि विक्रीही चालत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही ती पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. कोणी ‘जंगलातलं ओरिजिनल’ म्हणून देत असेल तर सरळ नाही म्हणा. बाकी सगळ्या घटपर्णी जाती आणि व्हीनस फ्लायट्रॅपसुद्धा साइट्सच्या यादीत आहेत. म्हणून परदेशातून पार्सल मागवताना साइट्सचा कागद, तिथलं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र आणि आपल्याकडची आयात परवानगी, हे सगळं लागतं. कागद नसतील तर पार्सल कस्टम्समध्ये अडकून नष्ट होतं. एक-दोन झाडांसाठी हा खटाटोप परवडत नाही. देशातल्याच ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या) रोपांवर भागवा.

देशातल्या विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. रोप बाटलीतून बाहेर काढून किती महिने झाले? तीन महिन्यांपेक्षा कमी असेल तर नवशिक्यानं घेऊ नये, बाटलीतल्या शंभर टक्के आर्द्रतेची सवय सुटलेली नसते. फोटो त्याच रोपाचा आहे का? तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह मागा. कोणत्या माध्यमात (मातीऐवजी कुंडीत भरलेल्या मिश्रणात) लावलं आहे? आणि पार्सल कोणत्या वारी निघणार? सोमवारी-मंगळवारी निघालेलं शनिवारच्या आत पोचतं; गुरुवारी निघालेलं रविवारी गोदामात उकडतं. मार्च ते मे मागवूच नका. जुलै ते ऑक्टोबर उत्तम काळ.

बियांची पाकिटं तर टाळाच. घटपर्णीचं बी ताजं असतानाच उगवतं, काही महिन्यांत त्याची शक्ती जाते, आणि पाकिटावर काढणीची तारीख कधीच नसते. निळ्या, जांभळ्या फ्लायट्रॅपचं बी म्हणून जे विकतात, त्यातून दुसरीच कुठली तरी झाडं येतात. दवबिंदूचं बी ओळखीच्या माणसाच्या कुंडीतलं मिळालं तर जरूर घ्या.

कुंडीत काय भरायचं

बागेतली माती, शेणखत, गांडूळखत, लाल माती, काळी माती यातलं काहीही नाही. दवबिंदू आणि फ्लायट्रॅपसाठी दोन भाग पीट मॉस (दलदलीत साचलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि एक भाग परलाइट (तापवून फुगवलेले हलके पांढरे खडे) किंवा सिलिका वाळू. पीटच्या पिशवीवर ‘खतयुक्त’ किंवा ‘पीएच संतुलित’ लिहिलं असेल तर ते नको. त्यात चुना आणि खत मिसळलेलं असतं. घटपर्णीला दोन भाग लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ), एक भाग परलाइट आणि एक भाग नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे. तिला मुळाशी हवा लागते.

वाळूसाठी बेळगावकरांची सोय आहे. उद्यमबागच्या फाउंड्रींमुळे सिलिका वाळू इथं सहज मिळते. फक्त कोरी वाळू मागा. साच्यात एकदा वापरलेल्या वाळूला रेझिन (चिकट रसायन) किंवा बेंटोनाइट (एक चिकणमाती) चिकटलेलं असतं, ती झाडाला विष आहे. कोणतीही वाळू आणली की चमचाभर घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुना आहे, परत करा. न आल्यास पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. परलाइट ओला करूनच हाताळा, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

पीट मिळत नसेल तर कोकोपीट चालतं, पण तसंच्या तसं नाही. त्यात सोडियम आणि पोटॅशचा क्षार भरपूर असतो. ६५० ग्रॅमची एक वीट १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी कापडातून पिळून काढा. हे पाच ते सात वेळा करायचं. पहिल्या तीन-चार वेळा नळाचं पाणी वापरलं तरी हरकत नाही, शेवटच्या वेळा पावसाचंच वापरा. पिळलेल्या पाण्याचा टीडीएस ५० च्या आसपास आला की झालं. ‘बफर केलेलं’ कोकोपीट मात्र घेऊ नका, ते कॅल्शियम नायट्रेटनं धुतलेलं असतं. भाजीपाल्याला ते चांगलं, आपल्या झाडांना नाही.

कुंडी प्लॅस्टिकची. मातीच्या कुंडीत क्षार साचतो, सिमेंटच्या कुंडीतून चुना उतरतो. फ्लायट्रॅपला निदान १२ सेंटिमीटर खोली हवी, मुळं खाली जातात. गच्चीचा स्लॅब एप्रिलमध्ये तापला की काळ्या कुंडीतली मुळं शिजतात, म्हणून सगळा ट्रे थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा. औषधाच्या दुकानातला खोका घ्या. मासळी बाजारातला घेतलात तर मीठ जाईपर्यंत धुवावा लागेल.

रोप आल्यावर

पार्सल सावलीत उघडा. वाळलेले सापळे पाहून घाबरू नका, प्रवासात ते जातातच. मधला कोंब हिरवा आणि घट्ट असेल तर झाड ठीक आहे. मुळांवरचं मॉस हलक्या हातानं सोडवा, २०-३० मिनिटं पावसाच्या पाण्यात ठेवा, मग लावा. वर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली झाकण वर राहील अशी ठेवा आणि कुंडी उजेडात, पण उन्हात नाही अशी ठेवा. आठ दिवसांनी बाटलीचं झाकण काढा, पंधराव्या दिवसापासून बाटली रोज तासभर उचला, तीन आठवड्यांनी काढून टाका. उन्हाची सवय त्यानंतर, हळूहळू. घटपर्णीचा भरलेला घट प्रवासात सांडला असेल तर त्यात तिसऱ्या भागाइतकं पावसाचं पाणी घाला. वाळलेल्या घटात घालून उपयोग नाही. नवे घट यायला दोन महिने लागू शकतात.

वर्षभराची राखण

होळी ते मृग हा खरा कसोटीचा काळ. दवबिंदू आणि फ्लायट्रॅपच्या ट्रेमध्ये नेहमी एक ते दोन सेंटिमीटर पाणी हवं. एक दुपार ट्रे कोरडा पडला तर दवबिंदू परत येत नाही. फ्लायट्रॅपला सकाळचं चार-पाच तास थेट ऊन द्या आणि अकरानंतर ५० टक्क्यांचं शेडनेट ओढा. घटपर्णीला सकाळचं दोन-तीन तास ऊन पुरे. ती ट्रेमध्ये उभी करायची नाही. रोज सकाळी वरून पाणी घालायचं, ते खालून वाहून गेलं पाहिजे. कोरड्या वाऱ्यात तिचे घट फुगायचे थांबतात आणि पानाच्या टोकाचा तंतू तसाच वाळतो. पाण्याचे फवारे मारून अर्ध्या तासात सगळं उडून जातं. त्यापेक्षा झाडं एकमेकांना लागून ठेवा आणि वारा येतो त्या बाजूला गोणपाट टांगून ते दिवसातून दोनदा भिजवा. गोणपाटाला बोअरचं पाणी चालेल, पण ते ठिबकून कुंडीत पडता कामा नये. अथणी-बिदरकडं घटपर्णी या तीन महिन्यांत घरात, पूर्वेच्या खिडकीशी घ्यावी.

पावसाळ्यात बेळगाव-खानापूरला उलटी अडचण. पाणी उदंड, उजेड नाही. दवबिंदूचा चिकट थेंब सततच्या पावसात धुपतो; ऊन पडलं की दोन दिवसांत परत येतो. पण पंधरा दिवस मळभ राहिलं तर करडी बुरशी धरते. म्हणून कुंड्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्र्याखाली, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा ठेवा. कुजलेलं पान त्याच दिवशी कात्रीनं कापा. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. एक गोगलगाय एका रात्रीत दवबिंदूची अख्खी कुंडी साफ करते.

हिवाळा बाकी झाडांना सोपा आहे, फक्त पाणी थोडं कमी. फ्लायट्रॅपचं काम मात्र इथं असतं. नोव्हेंबरपासून त्याला खाऊ घालणं बंद करा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोप उपटा, मुळं पावसाच्या पाण्यात धुवा, काळी पानं कापा. स्फॅग्नम भिजवून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये, आणि त्यात मुळं व कंद गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला. पिशवी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. दर पंधरा दिवसांनी उघडून बुरशी बघा. दहा आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या मध्याला काढून लावा आणि पहिले दहा दिवस सावलीत ठेवा, कारण तोवर आपल्याकडे दिवस तापायला लागलेले असतात. नंतर फुलाचा दांडा आला तर ५ सेंटिमीटरचा असतानाच कापा. वर्षभराच्या आतल्या रोपाला फ्रिज नको.

खाऊ आणि कीड

उघड्यावर असलेली झाडं आपलं पोट आपण भरतात. घरातल्यांना महिन्यातून दोनदा पुरे. फ्लायट्रॅपच्या सापळ्यातल्या केसांना वीस-तीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की तो मिटतो, आणि आतली हालचाल चालू राहिली तरच पचन सुरू होतं. मेलेली माशी घातली तर मिटलेल्या सापळ्याला बाहेरून बोटांनी हलकेच दाबत राहा. किडा सापळ्याच्या एक तृतीयांश एवढा असावा. मोठा घातला तर कडा नीट बंद होत नाहीत आणि सापळा कुजतो. बोटानं उगाच मिटवू नका, प्रत्येक सापळा मोजक्याच वेळा मिटू शकतो. घटपर्णीच्या घटात दोन-तीन मुंग्या किंवा झुरळाचं पिल्लू घाला. मटण, चिकन, दूध, अंडं काही नको. दवबिंदूवर मत्स्यालयाच्या दुकानातल्या वाळवलेल्या ब्लडवर्मची चिमूटभर ओली पूड टाका. मातीत खत कधीच नाही.

मावा फ्लायट्रॅपच्या मधल्या कोंबात लपतो, नवी पानं वाकडी येतात. सगळी कुंडी पावसाच्या पाण्यात २४ ते ४८ तास बुडवून ठेवा, मावा गुदमरून मरतो आणि झाडाला काही होत नाही. पिठ्या ढेकणाला इअरबडनं स्पिरिटचा ठिपका लावा, कोवळ्या पानाला लागू देऊ नका. साबणाचं पाणी नको. निपाणी भागात सगळ्या किडींवर तंबाखूचा काढा मारायची पद्धत आहे, तोही इथं चालत नाही. तंबाखूत क्षार भरपूर असतो आणि तो माध्यमात उतरतो. झाड कारण नसताना खंगत असेल तर कुंडीवरून अर्धा लिटर पावसाचं पाणी ओता आणि खालून येणारं मोजा. आकडा २०० च्या वर असेल तर माध्यमच बदला.

रोपं वाढवायची तर घटपर्णीची फांदी आषाढात कापा. दोन पेरांचा तुकडा, पानं अर्धी छाटून, ओल्या स्फॅग्नममध्ये खोवायचा आणि वर पिशवी घालायची. सहा ते दहा आठवड्यांत मुळं फुटतात. स्पॅट्युलाटा आणि केपेन्सिसचं अख्खं पान देठासकट पावसाच्या पाण्यानं भरलेल्या उथळ डबीत उजेडात तरंगत ठेवलं तर महिनाभरात त्यावर कोंब दिसतात. बर्मानीचं काळं, धुळीसारखं बी कागदावर झाडून ओल्या पीटवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. थोडं बी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. ते झाड फार तर दोन वर्षांचं सोबती, पुढची पिढी त्या पुडीतूनच येते.